कळलं असं वाटतं तेव्हा

एक भलामोठा मालवाहू ट्रक आणि एक छोटी कार समोरासमोर धडकतात. धडकेच्या क्षणी जास्त जोर कोणाचा? ट्रकचा कारवर, की कारचा ट्रकवर? उत्तर मनाशी पक्कं करा आणि मगच पुढची ओळ वाचा.

दोघांचाही जोर सारखाच असतो. ट्रक कारला जेवढ्या बलानं ढकलतो तेवढ्याच बलानं कार ट्रकला ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम हेच सांगतो आणि तो नियम आपण शाळेत पाठ करून, पेपरात लिहून, गुण घेऊन मोकळे झालेलो असतो. तरी मन मानत नाही. कारचा चेंदामेंदा झालेला असतो आणि ट्रकला जेमतेम एक पोचा आलेला असतो. मग दोघांचा जोर सारखा कसा? खरी गंमत अशी, की बल सारखं असलं तरी त्यानं होणारा परिणाम वस्तुमानावर अवलंबून असतो. ट्रक वीस टनांचा आणि कार एक टनाची असेल, तर त्याच बलानं कारला बसणारा हिसका वीसपट मोठा. आपल्याला दिसतो तो हिसका, बल दिसत नाही. दिसलं त्यालाच आपण बल समजून बसतो.

तुमचं उत्तर चुकलं असेल तर संगत उत्तम आहे. भौतिकशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवलेले, सूत्रं तोंडपाठ असलेले, हार्वर्डसारख्या विद्यापीठात बसलेले विद्यार्थीही या प्रश्नाला ‘ट्रकचा जोर जास्त’ असंच उत्तर देतात. एकाच डोक्यात न्यूटनचा नियम आणि त्याच्या नेमकी उलट समजूत दोन्ही सुखानं नांदतात, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. हे ज्यांनी मोजून दाखवलं, त्यांनी विद्यापीठांच्या पायाखालची सतरंजी ओढली. गेल्या चाळीस वर्षांत शिकण्याबद्दल जे कळलं त्यातलं बरंचसं इतकं अनपेक्षित आहे, की पुन्हापुन्हा वाचलं तरी मला त्याचा अचंबा वाटतो.

ही मोजणी झाली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत. इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस या दोघांनी १९८५ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी एक चाचणी बनवली होती. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्र नाही, फक्त रोजच्या भाषेतले प्रश्न. चेंडू वर फेकला, तो वर जात असताना त्याच्यावर कोणती बलं आहेत? दोन धातूचे गोळे, एक दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा, एकदम खाली सोडले तर आधी कोणता पोचेल? पर्यायांतून उत्तर निवडायचं.

या चाचणीतलं खरं कसब चुकीच्या पर्यायांत आहे. बाजारातल्या गाईडमध्ये चुकीचे पर्याय जागा भरण्यासाठी टाकलेले असतात, दोन तर वाचताक्षणी बाद होतात. हलून आणि हेस्टेनिस यांनी आधी तेच प्रश्न विद्यार्थ्यांना मोकळे विचारले, त्यांनी आपल्या शब्दांत काय काय लिहिलं ते गोळा केलं आणि त्यातूनच पर्याय उभे केले. म्हणजे तिथला प्रत्येक चुकीचा पर्याय कोणीतरी मनापासून खरा मानलेला आहे. ज्याला खरोखर कळलेलं नाही, त्याला तो पर्याय ओळखीचा वाटतो, आपलासा वाटतो, आणि तो अलगद त्याच्यावर खूण करतो. पुढे १९९२ मध्ये हेस्टेनिस, माल्कम वेल्स आणि ग्रेग स्वॅकहॅमर यांनी या चाचणीची नवी आवृत्ती काढली. ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ या नावाची ती तीसेक प्रश्नांची चाचणी आज जगभरच्या भौतिकशास्त्र विभागांना ठाऊक आहे.

पण १९८५ च्या त्या अभ्यासाकडे परत जाऊ, कारण त्यातला एक भाग खरोखर थरारक आहे. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा चाचणी घेतली गेली. विद्यार्थी शेकडो. त्यांना शिकवणारे प्राध्यापक चार, आणि चौघांच्या चार तऱ्हा. एकाचा भर संकल्पनांच्या सुबक मांडणीवर. दुसरा वर्गात एकामागून एक प्रयोग करून दाखवणारा, त्याच्या तयारीसाठी तासन् तास खपणारा. तिसरा गणितांवर गणितं सोडवून दाखवणारा. चौथा हा विषय पहिल्यांदाच शिकवत होता आणि पुस्तकाला धरून चालला होता. विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यांचं नाव चांगलं होतं.

चारही वर्गांची प्रगती जवळपास सारखी निघाली, आणि चारही ठिकाणी तुटपुंजी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ‘ते सर शिकवतात म्हणून मला फिजिक्स समजलं’ असं आपण सहज म्हणतो. सरांचं अक्षर, सरांचे विनोद, सरांचे प्रयोग, सरांच्या नोट्स, सगळं वेगवेगळं असूनही शेवटी विद्यार्थ्याच्या डोक्यात पडलेला फरक तेवढाच! चौघांमध्ये समान गोष्ट एकच होती. चौघेही बोलत होते आणि समोरचे ऐकत होते.

हार्वर्डमधले एरिक मॅझूर यांनी हा अभ्यास १९९० च्या सुमारास वाचला आणि त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. हे मूळचे नेदरलँडचे, संशोधन लेसरमधलं. हार्वर्डमध्ये १९८४ पासून ते डॉक्टरकीच्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक भौतिकशास्त्र शिकवत होते. सत्राअखेर विद्यार्थी त्यांना भरभरून पसंती देत. अवघड गणितं त्यांचे विद्यार्थी चटचट सोडवत. ॲरिझोनात होत असेल असं काही, माझ्या वर्गात नाही होणार, असं त्यांना वाटणं अगदी स्वाभाविक होतं. खात्री करावी म्हणून त्यांनी तीच चाचणी आपल्या वर्गाला दिली.

पेपर हातात पडल्यावर एका विद्यार्थिनीनं जे विचारलं ते मॅझूर पुढे कित्येक व्याख्यानांत सांगत आले आहेत. तिचा प्रश्न असा होता: सर, या प्रश्नांची उत्तरं कशी लिहू? तुम्ही शिकवलंय तशी, की मी स्वतः विचार करते तशी?

एवढा प्रामाणिक प्रश्न परीक्षेच्या वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. शिकवलेलं भौतिकशास्त्र एका कप्प्यात आणि जगात वावरताना वापरायचं भौतिकशास्त्र दुसऱ्या कप्प्यात, हे तिला स्वतःलाच ठाऊक होतं. निकाल लागला तेव्हा मॅझूर यांचा वर्गही त्याच रांगेत जाऊन बसला होता.

मग त्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. एकाच परीक्षेत एकाच धड्यावर दोन प्रश्न घातले. पहिला नेहमीचा: विद्युतमंडलाची आकृती, रोध इतके, बॅटरी इतक्या व्होल्टची, अमुक ठिकाणचा प्रवाह काढा. त्यासाठी समीकरणं मांडावी लागतात, चिन्हं सांभाळावी लागतात, काम किचकट. दुसऱ्यात आकडाच नव्हता. तीन सारखे बल्ब एकापुढे एक जोडलेत, तिसऱ्या बल्बला वळसा घालणारी एक तार आहे आणि तिच्यात बटण आहे. बटण दाबलं तर पहिल्या दोन बल्बांचा प्रकाश वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? बटण दाबताच प्रवाहाला आडवाट मिळते, तिसरा बल्ब विझतो, अडथळा कमी झाल्यानं एकूण प्रवाह वाढतो आणि पहिले दोन जास्त उजळतात. दोन ओळींचं उत्तर. कुठल्याही प्राध्यापकाला विचारलं असतं तर त्यानं दुसरा प्रश्न सोपा म्हणून सांगितला असता. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना मात्र पहिलाच सोपा गेला. दुसऱ्यात अडखळलेल्यांपैकी कित्येकांनी पहिला सफाईनं सोडवला होता. विद्युतप्रवाह म्हणजे काय हे न कळताही विद्युतप्रवाहाचं गणित बरोबर येऊ शकतं. आपल्याकडच्या प्रश्नसंचांवर पोसलेल्या पिढ्यांना यात आश्चर्य वाटणार नाही कदाचित. पण ते हार्वर्डमध्येही असंच असतं हे कळल्यावर थोडं हायसं वाटतं, नाही?

पुढची गोष्ट योगायोगानं घडली. चाचणीतल्या एका प्रश्नाचा उलगडा मॅझूर वर्गात करत होते. एकदा समजावलं, चेहरे कोरे. पुन्हा वेगळ्या पद्धतीनं समजावलं. चेहरे आणखी गोंधळलेले. निम्म्या विद्यार्थ्यांनी मुळात बरोबर उत्तर दिलेलं होतं हे त्यांना माहीत होतं. शेवटी हात टेकून ते म्हणाले, तुम्ही आपापसात बोला. क्षणात वर्गात बाजार भरला. कोणाचं फळ्याकडे लक्ष नाही, जो तो शेजाऱ्याशी हुज्जत घालतोय. आणि दोन-तीन मिनिटांत, प्राध्यापकाला दहा मिनिटांत जमलं नव्हतं ते त्यांनी एकमेकांना पटवून दिलेलं होतं.

असं का व्हावं? मॅझूर यांनी लावलेला अर्थ मला फार मार्मिक वाटतो. ज्याला ही गोष्ट आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी कळलीये, त्याला ती कुठे अडते तेही आठवतं. प्राध्यापकाला ती कळून वीस-तीस वर्षं झालेली असतात. त्याच्या लेखी त्यात अडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. जितकं ज्ञान मुरलेलं, तितकं न कळलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसणं अवघड.

यातून मॅझूर यांनी पद्धतच बसवली. वाचन घरी करून यायचं. वर्गात थोडं बोलणं झालं की एक संकल्पनेचा प्रश्न. प्रत्येकानं आधी गप्प बसून एकट्यानं उत्तर ठरवायचं आणि ते नोंदवायचं. उत्तरं फार विस्कटलेली किंवा जवळजवळ सगळीच बरोबर असतील तर चर्चेत अर्थ नाही. मधली अवस्था असेल, म्हणजे साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर, तर वेगळं उत्तर दिलेला शेजारी शोधायचा आणि त्याला पटवायचं. मग पुन्हा मतदान. १९९७ मध्ये यावरचं त्यांचं ‘पिअर इन्स्ट्रक्शन’ हे पुस्तक आलं.

फरक किती पडला, हे सांगण्यासाठी आधी मोजण्याची रीत सांगायला हवी, कारण तीही हुशार आहे. इंडियाना विद्यापीठातल्या रिचर्ड हेक यांनी ती प्रचारात आणली. समजा, एखाद्या वर्गाला सत्राच्या सुरुवातीला शंभरपैकी ४० गुण पडले. म्हणजे मिळवायचे राहिले ६०. शेवटी ५५ पडले तर १५ वाढले. ६० पैकी १५, म्हणजे ०.२५. येत नव्हतं त्यातलं किती आलं, हा खरा प्रश्न; आधीपासून येणाऱ्याचं श्रेय शिकवणाऱ्याला द्यायचं कारण नाही. हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे गुण या तराजूत घातले. केवळ व्याख्यानांवर चाललेल्या १४ अभ्यासक्रमांची सरासरी ०.२३ आली. त्यांतल्या एकालाही ०.३ ची रेघ ओलांडता आली नाही. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, बोलायला, चुकायला लावणारे ४८ अभ्यासक्रम होते. त्यांची सरासरी ०.४८. दुपटीहून जास्त. मॅझूर यांच्या स्वतःच्या वर्गाचा आकडा १९९० मध्ये ०.२५ होता. पुढच्याच वर्षी, नवी पद्धत आल्यावर, ०.४९ आणि १९९७ पर्यंत ०.७४. विद्यापीठ तेच होतं आणि शिकवणारा माणूसही तोच.

इथे एक रास्त शंका येते. हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे त्याच्या मागून हात वर करतात, एवढंच तर होत नसेल? कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या सुमारे ३५० विद्यार्थ्यांवर हे तपासलं आणि २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. आधी प्रश्न एकट्यानं सोडवायचा: ५२ टक्के बरोबर. मग चर्चा करून तोच प्रश्न: ६८ टक्के. आणि लगेच, बरोबर उत्तर न सांगता, त्याच कल्पनेवरचा पण वेगळ्या वेषातला दुसरा प्रश्न, पुन्हा एकट्यानं: ७३ टक्के. नुसती नक्कल असती तर या तिसऱ्या पायरीला गाडी घसरली असती. त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. काही गटांत सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, असं त्यांच्या आकडेमोडीतून दिसलं. आणि अशा गटांतलेही काही जण बोलता बोलता बरोबर उत्तरापाशी पोचले होते. ज्या खोलीत कोणाकडेच उत्तर नाही, त्या खोलीत ते तयार झालं. वादे वादे जायते तत्त्वबोधः हे वचन आपल्याकडे समारंभांत म्हणण्यापुरतं उरलंय, तिथे ते टक्क्यांत मोजून दाखवलं गेलं.

आता साधनांकडे येऊ. विद्यापीठात शिकवण्यात सुधारणा करायची म्हटलं की पहिला प्रस्ताव साधनांचाच असतो. प्रोजेक्टर आणा, स्मार्ट बोर्ड बसवा, प्रयोगशाळेला अनुदान द्या. साधनांचा उपयोग होतोच, पण आपल्याला वाटतो त्या वाटेनं होत नाही.

वर्गात करून दाखवायचा प्रयोग घ्या. डोळ्यांनी बघितलं की पटलं, असा आपला भाबडा विश्वास. हार्वर्डमध्ये कॅथरिन क्राउच, मॅझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचा निकाल लावला. काही विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवलाच नाही, काहींना नुसता दाखवला, काहींना आधी काय होईल ते लिहायला लावून मग दाखवला. सत्राअखेर अशाच प्रसंगात काय घडेल आणि का घडेल, हे विचारलं. प्रयोग न पाहिलेल्यांपैकी २२ टक्क्यांना कारण नीट सांगता आलं. नुसता पाहिलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. एवढा खटाटोप करून पदरात जवळपास काहीच नाही. मात्र आधी अंदाज लिहून मग पाहिलेल्यांपैकी ३० टक्के यशस्वी झाले. अंदाज लिहायला लागला वेळ किती, तर एखाद-दोन मिनिटं. त्या मिनिटांनी त्याच प्रयोगाचं शिकवण्याच्या साधनात रूपांतर केलं. एरवी ती करमणूकच होती.

२०१३ मधल्या पुढच्या अभ्यासात त्याहून विलक्षण गोष्ट सापडली. प्रयोग पाहिल्यावर काय दिसलं ते विद्यार्थ्यांना विचारलं, तर साधारण पाचातली एक नोंद प्रत्यक्षात घडलं त्याच्याशी जुळत नव्हती! डोळ्यांसमोर एक घडलं आणि त्यांनी दुसरंच पाहिलं. आधीची समजूत इतकी बळकट, की तिनं पुराव्यालाच आपल्या बाजूनं वळवून घेतलं. आणि हे सगळे डोळे मिटून बसणारे नव्हते, पुढच्या बाकावरचेही त्यात असणार.

दुसरं उदाहरण याच्या उलट दिशेचं. कार्ल वायमन यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, बोस-आइन्स्टाइन संघनन प्रयोगशाळेत घडवून दाखवल्याबद्दल. दुसऱ्या वर्षी त्यांनी कोलोरॅडोत ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला: संगणकावर खेळत खेळत हाताळायच्या वैज्ञानिक प्रतिकृती. त्यातली एक विद्युतमंडलं जोडण्याची. कोलोरॅडोत एका मोठ्या वर्गाचे दोन भाग केले. एकानं खऱ्या तारा, बल्ब आणि मीटर घेऊन प्रात्यक्षिक केलं, दुसऱ्यानं फक्त पडद्यावर. नंतर दोघांनाही खरं मंडल जोडायला आणि ते कसं चालतं ते सांगायला लावलं. खऱ्या तारांना कधी हातही न लावलेला गट सरस ठरला. जोडण्यातही आणि समजण्यातही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा प्रयोगशाळांच्या कट्टर पुरस्कर्त्यांची काय अवस्था झाली असेल!

कारण शोधलं तर पटण्यासारखं आहे. खऱ्या टेबलावर एक तार लाल असते आणि एक काळी, आणि नवशिक्याला वाटतं या रंगात काहीतरी अर्थ असणार. जोड सैल असतो, बल्ब गेलेला असतो, वेळ तिथेच जातो. पडद्यावर नको तो पसारा नाही, आणि खऱ्या तारेत कधीच न दिसणारी गोष्ट दिसते: इलेक्ट्रॉन संथपणे सगळीकडून एकाच वेळी सरकतात. ‘प्रवाह बल्बमध्ये खर्च होतो’ ही घट्ट समजूत तिथल्या तिथे सैल पडते. यावरून प्रयोगशाळा मोडीत काढा असं कोणी म्हणू नये. हातानं करण्यातून जे कौशल्य येतं त्याला पर्याय नाही. पण ठरीव कृती करून, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून वाचनं उतरवून सही घेणं म्हणजे प्रात्यक्षिक, हा जो प्रकार आपण सगळ्यांनी केलाय त्यापेक्षा ती प्रतिकृती नक्कीच उजवी. या प्रतिकृती फुकट आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मराठीतूनही उघडतात.

मतदानाच्या यंत्रांची गोष्ट चटकन सांगून टाकतो. प्रत्येकाच्या हातात क्लिकर, पडद्यावर लगेच आलेख, दिसायला झकास. नॅथॅनियल लॅसरी यांनी कॅनडातल्या एका कॉलेजात क्लिकरवाला वर्ग आणि पुठ्ठ्याची कार्डं उंच धरणारा वर्ग यांची तुलना केली. शिकण्यात काही फरक आढळला नाही. आणि २०१८ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या २५ संस्थांमधल्या दोन हजारांहून अधिक तासांचं निरीक्षण झालं, तेव्हा कळलं की हलवता येणारी बाकं आणि छोटा वर्ग दिला म्हणून शिकवणं बदलतंच असं नाही. गोलाकार टेबलांभोवती बसवून व्याख्यान झोडणारेही होते. पाहिलेल्या तासांपैकी निम्म्याहून जास्त तास जवळपास पूर्ण व्याख्यानाचेच निघाले.

एवढे पुरावे असून असं का? आळस हे कारण अपुरं आहे. वायमन यांच्याच देखरेखीखाली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झालेला एक प्रयोग पाहा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या, प्रत्येकी सुमारे २७० विद्यार्थी. अकरा आठवडे दोन्हीकडे अनुभवी, विद्यार्थीप्रिय प्राध्यापक. बाराव्या आठवड्यात एका तुकडीचा वर्ग लुई देलोरिए या तरुण संशोधकाकडे दिला. शिकवण्याचा अनुभव नाममात्र, पण नव्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलं. व्याख्यान नाही, वाचून या, गटात सोडवा, मत द्या, मग त्यावर बोलू. विषय विद्युतचुंबकीय लहरी. आठवडा संपल्यावर दोन्ही तुकड्यांना एकच छोटी चाचणी दिली. अनुभवी प्राध्यापकांच्या तुकडीची सरासरी ४१ टक्के, नवख्याच्या तुकडीची ७४. हे २०११ मध्ये ‘सायन्स’नं छापलं. तीन वर्षांनी स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले: नापासांचं सरासरी प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, सक्रिय वर्गांत सुमारे २२. एखाद्या औषधाचा असा गुण दिसला असता तर चाचणी मध्येच थांबवून ते सगळ्यांना द्यावं लागलं असतं.

तरीही व्याख्यान टिकून आहे, आणि त्याचं एक कारण विद्यार्थ्यांच्याच मनात दडलेलं आहे. देलोरिए पुढे हार्वर्डला गेले आणि तिथे त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक फार सुंदर प्रयोग रचला. एकाच अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांचे दोन गट. कागद तेच, उदाहरणं तीच. एका गटाला कुशल प्राध्यापकानं सगळं ओघवत्या भाषेत सोडवून दाखवलं. दुसऱ्यानं तेच प्रश्न आधी स्वतः झगडून पाहायचे, मग उत्तर. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल, म्हणजे प्रत्येकाला दोन्हींचा अनुभव. तास संपल्यावर दोन गोष्टी मोजल्या: तुम्ही किती शिकलात असं तुम्हाला वाटतं, आणि प्रत्यक्षात किती शिकलात. २०१९ मध्ये आलेला निकाल असा: व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं आणि ते कमी शिकले होते. झगडलेल्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं आणि ते जास्त शिकले होते.

सराईत माणूस सोडवून दाखवतो तेव्हा कुठे खडा लागत नाही. ऐकणाऱ्याला तो गुळगुळीतपणा स्वतःच्या डोक्यातला वाटतो, असतो मात्र सांगणाऱ्याच्या. उलट स्वतः सोडवताना पावलोपावली अडतं, आणि अडणं म्हणजे न येणं, असा आपण समज करून घेतो. ‘कळलं का?’ या प्रश्नाला वर्गातून येणारं ‘होऽऽ’ खोटं नसतं. त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत असतं.

वाचनाचंही असंच. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरावरचा. एका गटानं उतारा सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्यानं तीन-चार वेळाच वाचला, मग कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं, असं तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे: ८३ टक्के, विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि आपल्याला पुढे किती आठवेल याचा सर्वांत मोठा अंदाज कोणी केला होता? चौदा वेळा वाचणाऱ्यांनी. ‘पुस्तक मिट आणि सांग’ म्हणणारे जुन्या शाळेतले मास्तर या बाबतीत बरेच पुढे होते म्हणायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनानं अख्खं पान रंगवणाऱ्यांचं मात्र काही खरं नाही.

आपल्याकडच्या कॉलेजांत सध्या अध्ययन निष्पत्ती हा परवलीचा शब्द झालाय. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती यायची म्हटली की प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती लिहा, त्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी जुळवा, तक्ते भरा, टक्के काढा, फायली लावा. प्राध्यापकांच्या खोलीत याबद्दल जे बोललं जातं ते छापण्यासारखं नसतं. मला त्या कल्पनेत खोट दिसत नाही. विद्यार्थ्याला शेवटी काय आलं हे विचारणं हाच तर या सगळ्या कहाणीचा उगम आहे. पण निष्पत्तीचे टक्के त्याच जुन्या परीक्षेच्या गुणांवरून काढले, तर त्यात बल्बचा प्रश्न कुठेच येत नाही, फक्त प्रवाह काढा एवढंच येतं. सत्राच्या सुरुवातीला काय येत होतं याची नोंद तर बहुतेक तक्त्यांत नसतेच, आणि ती नसेल तर शेवटच्या आकड्यातला किती वाटा कॉलेजचा आणि किती विद्यार्थी घरून घेऊन आला होता, हे सांगायचं कसं?

हार्वर्डच्या त्या २०१९ च्या अभ्यासाला एक शेपूट आहे. विद्यार्थ्यांची स्वतःबद्दलची भावना फसवी असते हे कळलं, पण तिचं करायचं काय? त्याच भावनेच्या जोरावर ते प्राध्यापकाला सत्राअखेर गुण देणार, आणि अडखळायला लावणाऱ्याला कमी देणार. संशोधकांनी सोपा उपाय करून पाहिला. दुसऱ्या एका सत्राच्या आरंभी वीस मिनिटं काढून विद्यार्थ्यांना सरळ सांगितलं की इथे तुम्हाला अवघड जाईल, कमी कळतंय असं वाटेल, आणि हे पाहा, त्या वाटण्याचे आणि प्रत्यक्ष गुणांचे आकडे असे आहेत. लवकरच एक चाचणीही घेतली, म्हणजे आपलं वाटणं आणि आपले गुण त्यांना स्वतःच ताडून पाहता यावेत. सत्र संपताना विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं की या तऱ्हेच्या वर्गाबद्दलचं आपलं मत आता बदललंय, आणि ती वीस मिनिटं कामी आली.